मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम: अनुदान खरं, पण हिशेब बँकेचा

जिल्हा उद्योग केंद्रात जिला सगळे सीएमईजीपी म्हणतात ती योजना चांगली आहे. पण अनुदान मिळतंय म्हणून घ्यायला गेलात तर फसाल. मुळात हे बँकेचं कर्ज आहे, आणि त्यातला एक हिस्सा तीन वर्षांनी सरकारच्या पैशातून फिटतो. हे नीट समजलेला माणूस योजनेवर खूश असतो. न समजलेला माणूस सहा महिन्यांनी "अनुदान अजून जमा झालं नाही" म्हणत बँकेच्या आणि उद्योग केंद्राच्या चकरा मारत असतो.

आधी आकडे. २०१९ च्या शासन निर्णयाने योजना सुरू झाली तेव्हा प्रकल्पाची कमाल किंमत उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी १० लाख होती. या मर्यादा नंतर वाढल्या, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय तेच खरं धरा. टक्केवारीची चौकट अशी: सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, स्वतःचे १० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, माजी सैनिक अशा विशेष प्रवर्गाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के, स्वतःचे फक्त ५ टक्के. मूळ नियमात वय १८ ते ४५ होतं, विशेष प्रवर्गाला पाच वर्षांची सूट. दहा लाखांवरच्या प्रकल्पाला सातवी पास आणि पंचवीस लाखांवर दहावी पास ही अट. एका कुटुंबातून एकच अर्ज चालतो, नवरा-बायको एकच कुटुंब. पूर्वी केंद्राच्या पीएमईजीपीचा (पंतप्रधानांच्या नावाची अशीच रोजगार योजना) किंवा तशाच दुसऱ्या योजनेचा लाभ घेतला असेल तर दार बंद.

आता हा पैसा फिरतो कसा ते बघा, कारण गोंधळ इथेच होतो. एखाद्या बाईने गावात २० लाखांची डाळ मिल काढायची ठरवली. तिचे स्वतःचे १ लाख. कागदावर ३५ टक्के म्हणजे ७ लाख सरकारचे आणि १२ लाख बँकेचे. पण बँक सुरुवातीला १२ नाही, १९ लाख देते. कर्जाची रक्कम सुटल्यावर शाखा मार्जिन मनीचा, म्हणजे अनुदानाच्या रकमेचा, दावा वर पाठवते. ते ७ लाख आले की अर्जदाराच्या नावाने तीन वर्षांच्या मुदत ठेवीत बसतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्याच रकमेच्या कर्जावर बँकेने व्याज लावायचं नाही. तीन वर्षांनी तपासणी होऊन घटक, म्हणजे उभा केलेला उद्योग, चालू असल्याचं दिसलं की ठेव कर्जात वळती होते. म्हणजे ७ लाखांची नोट उद्योजकाच्या हातात कधीच पडत नाही.

कर्ज सुटल्यापासून मार्जिन मनी येईपर्यंतचा काळ खर्चिक असतो. व्याजदर ११ टक्के धरला तर ७ लाखांवर वर्षाला ७७ हजार, महिन्याला सुमारे ६,४०० रुपये व्याज लागतं. दावा चार महिने रखडला की पंचवीस हजार गेले. ते कोणी परत देत नाही. हप्त्यातला फरक तर आणखी मोठा. १२ लाख सात वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साडेवीस हजारांच्या आसपास बसतो, आणि १९ लाखांवर तोच साडेबत्तीस हजारांच्या पुढे जातो. म्हणून मंजुरीपत्र हातात घेताना दोन गोष्टी लेखी मागाव्यात: हप्ता कोणत्या रकमेवर बांधला आहे, आणि ठेव जमा झाल्याच्या तारखेपासून तेवढ्या रकमेचं व्याज बंद होणार का. नियमाने होतंच. पण संगणकावर ती नोंद कुणीतरी करावी लागते आणि तो "कुणीतरी" बदलीवर गेलेला असतो. खात्याचा उतारा दर तीन महिन्यांनी काढून व्याजाचा आकडा स्वतः तपासावा.

दावा रखडण्याचं नेहमीचं कारण प्रशिक्षण. उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहे, उत्पादनासाठी साधारण दोन आठवडे, सेवेसाठी एक. प्रमाणपत्र नसेल तर मार्जिन मनीची फाइल पुढे सरकत नाही. बहुतेक जण मंजुरी आल्यावर प्रशिक्षणाची चौकशी करतात, तोवर चालू तुकडी भरलेली असते आणि पुढची कधी निघेल हे कोणी सांगत नाही. अर्ज टाकल्याच्या आठवड्यातच महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र किंवा जिल्ह्याची आरसेटी (बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) यांच्याकडे पुढच्या तुकडीची तारीख विचारून ठेवलेली बरी.

प्रकल्प अहवालाकडे वळू. सायबर कॅफेतला दोन-अडीच हजारांचा तयार अहवाल लगेच ओळखू येतो, कारण त्यात तालुका बदलला तरी वीजबिल तेच असतं. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. इमारत किंवा शेड एकूण किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत, खेळतं भांडवल ३० टक्क्यांपर्यंत, उरलेलं यंत्रसामग्रीत. ज्यांना मुळात चांगली शेड बांधायची असते आणि यंत्र निमित्तमात्र असतं, त्यांचे अर्ज इथेच अडकतात, आणि अडकावेतच.

डाळ मिलचंच उदाहरण पुढे नेऊ. २० लाखांत खेळतं भांडवल ६ लाख. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. त्या भावाने ६ लाखांत ७५ क्विंटल तूर येते. दिवसाला दहा क्विंटल भरडणारी लहान मिल हा माल आठ दिवसांत संपवते. व्यापाऱ्याला डाळ दिली आणि त्याने महिन्याची उधारी मागितली, की नवव्या दिवशी मिल बंद. कागदावर मात्र वर्षाला ३०० दिवस उत्पादन दाखवलेलं असतं. बँकेचा अधिकारी जाणकार असेल तर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि अर्जदार यंत्राच्या क्षमतेबद्दल बोलत राहतो. यावर उपाय साधा: पहिल्या हंगामात शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडायची, स्वतःची खरेदी थोडीच ठेवायची, आणि अहवालात तसंच लिहायचं. उलाढाल कमी दिसते पण खरी दिसते.

यंत्राच्या कोटेशनमध्ये जे नसतं ते बघा. तुरीला तेल-पाणी देऊन वाळवावं लागतं, त्याशिवाय साल सुटत नाही आणि तुकडा जास्त पडतो. त्यासाठी दोन-तीन दिवस ऊन मिळेल असं पक्कं खळं किंवा गच्ची लागते, ताडपत्र्या लागतात, अवकाळी आला तर आत ओढायला माणसं लागतात. यंत्रविक्रेता यातलं काही सांगत नाही. त्याच्या कोटेशनवर जीएसटी वेगळा लिहिलाय का तेही बघा. ८ लाखांच्या यंत्रावर १८ टक्के म्हणजे १ लाख ४४ हजार. कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या ठोक दराच्या योजनेत, नोंदणी करणार असाल तर हा कर परत मिळत नाही, म्हणजे तो प्रकल्पाच्या किमतीतच धरायला हवा. मागाहून खिशातून भरायची वेळ आलेले पुष्कळ आहेत. मंजुरीच्या आधी विक्रेत्याला रोख आगाऊ रक्कम देऊ नये. स्वतःचा हिस्साही बँकेच्या खात्यातून गेला तरच मोजला जातो. यंत्राचे पैसे बँक थेट विक्रेत्याला पाठवते, तेव्हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक चालू आहे ना हे आधी पोर्टलवर तपासून घ्यावं.

वीज आणि जागा या दोन गोष्टींवर गावातले निम्मे घटक लंगडतात. दहा अश्वशक्तीची मोटर म्हणजे साडेसात किलोवॅट भार, त्याला तीन फेज हवी. शेड मळ्यात असेल आणि जवळची लाइन शेतीपंपाच्या फीडरची असेल, तर तीन फेज ठरावीक तासच मिळते, तीही आठवड्याच्या पाळीने. गावठाण फीडरवरून जोडणी घ्यायची तर खांब आणि तारांचा खर्च आला. महावितरणकडून त्याचं अंदाजपत्रक अहवाल लिहिण्याआधी घ्यावं आणि अनामत रकमेसकट प्रकल्पात दाखवावं. यंत्र येऊन बसलंय, हप्ता सुरू झालाय आणि वीजजोडणी नाही, हे चित्र फार ठिकाणी दिसतं.

जागेचं म्हणाल तर अकरा महिन्यांचा भाडेकरार बँक नाकारते. कर्जाच्या मुदतीएवढा नोंदणीकृत करार लागतो. स्वतःच्या शेतजमिनीवर बांधायचं असेल तर प्रादेशिक योजनेत तो गट कोणत्या विभागात येतो याचा झोन दाखला नगररचना कार्यालयातून काढावा. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४-अ मध्ये अकृषिक परवानगीतून सवलत दिलेली होती, पण ती झोन जुळला तरच, आणि वापर बदलल्याचं कळवणं तिथेही सुटत नव्हतं. तलाठ्याने "होऊन जाईल" म्हटलं तरी बँकेच्या वकिलाला कागद लागतो.

आता अर्जाची वाट. पोर्टलवर अर्ज, आधार, जन्माचा किंवा रहिवासाचा दाखला, शिक्षणाचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला लागू असेल तर, हमीपत्र ठरलेल्या नमुन्यात, आणि ग्रामीण दर हवा असेल तर गावाच्या लोकसंख्येचा दाखला. शेवटचा कागद सगळ्यात जास्त वेळा राहतो, आणि तो नसला तर दहा टक्के हातचे जातात. छाननी जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी व ग्रामोद्योग मंडळाचं जिल्हा कार्यालय करतं, जिल्हास्तरीय समितीकडून प्रकरण बँकेकडे जातं. इथवर सेवा बरी आहे. पोर्टलवर अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते दिसतं, आणि सरकारी कामात ही गोष्ट लहान नाही.

खरी परीक्षा बँकेत. समितीने शिफारस केली म्हणून शाखा बांधील नसते, निर्णय तिचा. ठरावीक रकमेपर्यंतच्या सूक्ष्म-लघु उद्योग कर्जाला तारण मागू नये हा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक आहे, त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसईची (लघु उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी न्यास) हमी घेता येते. त्या हमीचं शुल्क दरवर्षी लागतं आणि ते कर्जदाराच्या खात्यातून जातं, हेही हिशेबात धरावं. तरीही तोंडी तारण मागितलं जातं. अशा वेळी भांडण्यापेक्षा एक ओळीचा अर्ज देऊन नकाराचं कारण लेखी मागावं. लेखी म्हटलं की बऱ्याचदा कारण बदलतं. त्यापुढची पायरी आघाडी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक, ज्याला सगळे एलडीएम म्हणतात. अर्जात बँक निवडताना जिथे आधीपासून खातं चालतं आणि जी शाखा घटकापासून जवळ आहे तीच निवडावी. चाळीस किलोमीटरवरची "ओळखीची" शाखा घटकाची पाहणी करायला येणार नाही, आणि पाहणी नाही तर मंजुरी नाही. सिबिल आधी काढून बघा. दुचाकीचा थकलेला एक हप्ताही नडतो.

आता योजनेच्या हेतूचं बोलू. उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातच साचू नयेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ मध्येच सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तिचं मोजमाप तालुका. प्रत्येक तालुका अ, ब, क, ड, ड+ अशा गटात बसवलेला, आणि जितका मागास तितकी सवलत जास्त. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागे राहिला ते, मोजला तो जिल्हा धरून. सीएमईजीपीत मात्र ना जिल्हा, ना तालुका. इथे फक्त गाव की शहर एवढंच विचारलं जातं. म्हणजे पुण्याला खेटून असलेल्या हवेली तालुक्यातलं लहान गाव आणि गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातलं गाव, दोघांना अनुदानाचा दर एकच.

या योजनेचा आमच्या मते हा सगळ्यात मोठा दोष. हवेलीतल्या घटकाला तासाभरात पुण्याचा बाजार. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे. समजा वाहतूक किलोभर मालामागे एक रुपया जास्त पडली आणि महिन्याला १५ टन माल गेला, तर महिन्याला १५ हजार. शहर आणि ग्रामीण दरातला दहा टक्क्यांचा फरक २० लाखांच्या प्रकल्पावर २ लाख होतो. तो एकदाच मिळतो आणि चौदा महिन्यांत भाड्यातच संपतो. समतोल विकास साधायचा तर टक्केवारी तालुक्याच्या गटाला जोडायला हवी होती. वर्गवारी सरकारकडे तयार आहे, नव्याने काही मोजायचं नाही. जिल्ह्यांना उद्दिष्ट वाटून दिलं म्हणजे समतोल आला असं होत नाही. उद्दिष्ट पुरं करायला प्रत्येक जिल्ह्यातले अर्ज मुख्यालयाच्या आसपासच्या तालुक्यांतून भरता येतात, कारण शाखा तिथे, सल्लागार तिथे, बाजारही तिथे.

रोजगाराच्या आकड्याकडेही डोळसपणे बघावं. सुरुवातीचं लक्ष्य पाच वर्षांत एक लाख घटक आणि आठ ते दहा लाख रोजगार असं होतं, म्हणजे घटकामागे आठ-दहा माणसं. वर लिहिलेली डाळ मिल हंगामात चार माणसं लावते, पावसाळ्यात घरचे दोघे. सेवा क्षेत्रातलं सलून किंवा झेरॉक्सचं दुकान तर मालकासकट दोन. हे रोजगार खोटे नाहीत, पण बारमाही आठ माणसांचा पगार काढणारा घटक हवा असेल तर तो प्रक्रिया उद्योगात दोन-तीन हंगाम जोडूनच निघतो: तूर संपली की हरभरा, मग बेसन, मसाला. असा जोड दाखवणारा अहवाल बँकेलाही आवडतो.

मग मोठ्या योजनेकडे, सामूहिक प्रोत्साहनाकडे जावं का? ज्याचा माल राज्यातच विकला जातो आणि ज्यावर जीएसटी बऱ्यापैकी लागतो, त्याने जरूर. तिथलं औद्योगिक विकास अनुदान राज्याच्या हद्दीत झालेल्या विक्रीवरच्या राज्य जीएसटीशी बांधलेलं आहे. परराज्यात विकलेल्या मालावर आयजीएसटी लागतो, तो या हिशेबात येत नाही. गोंदियाचा घटक रायपूरला विकत असेल किंवा सिरोंच्याचा तेलंगणात, तर सवलतीचा आकडा कागदावर कितीही मोठा असो, हातात कमीच येणार. शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्यांचा करच मुळात कमी, म्हणून त्यांचं अनुदानही कमी. मागास तालुक्यात मुख्यतः हेच उद्योग निघू शकतात ही त्यातली गंमत. २०१९ च्या योजनेची ठरलेली मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, तेव्हा आत्ता लागू असलेला शासन निर्णय उद्योग केंद्रातून घेऊनच आकडेमोड करा. स्थानिकांना किमान ८० टक्के रोजगार देण्याची अट मात्र आधीपासून डोक्यात ठेवा, भरतीच्या वेळी रहिवासाचे दाखले फाइलला लावून घ्या, नाहीतर दावा करताना धावपळ होते.

सीएमईजीपी कोणासाठी? ज्याला धंदा आधीपासून कळतो, कोणाकडे तरी काम करून हात बसलाय, ५ ते १० टक्के स्वतःचे आहेत आणि वर चार-सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी शिल्लक आहे, त्याच्यासाठी उत्तम. ग्रामीण भागातल्या महिलेला याहून सोपी अट दुसरीकडे मिळणं अवघड. ज्याला अनुदान हेच भांडवल वाटतं, किंवा दलालाने "अर्धे तुम्हाला, अर्धे आम्हाला" असं सांगून प्रकल्पाची किंमत फुगवून दिली आहे, त्याने लांब राहावं. फुगवलेल्या किमतीवर अनुदान वाढतं, पण हप्ताही तेवढाच वाढतो आणि तो दलाल भरत नाही.

तीन वर्षांनी येणाऱ्या तपासणीची तयारी पहिल्या दिवसापासून करावी. दारावर योजनेचं नाव असलेला फलक, यंत्रावरच्या पाटीचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळणारे फोटो, उद्यम नोंदणी, खाद्यपदार्थ असेल तर अन्न परवाना, वीजबिलं सलग, आणि कामगारांचं हजेरीपत्रक. यंत्र बदललं असेल तर जुन्याच्या विक्रीचं आणि नव्याच्या खरेदीचं बिल आणि बँकेला दिलेलं पत्र. जागा बदलली तर आधी बँक आणि उद्योग केंद्र दोघांना लेखी कळवायचं, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. चालू घटकाची ठेव अडकते ती बहुतेक वेळा न कळवता हललेल्या जागेमुळे.